हरणासाठी किती बोअर?

पौषातल्या सकाळी गंगापूरहून लासूर स्टेशनकडे जाताना हरभऱ्याच्या रानात काळविटांचा कळप दिसला, तर गाडी थांबवू नका, नुसती हळू करा. चालत्या गाडीकडे कळप फारसं लक्ष देत नाही. गाडी थांबली की सगळ्या माना एकदम वर येतात, आणि दार उघडून खाली पाय ठेवला की एखादी मादी जागच्या जागी उंच उडी घेते. तो इशारा असतो. पुढच्या क्षणी सगळा कळप पळू लागतो आणि दोन शेतं ओलांडून पुन्हा थांबतो. वरून काळाभोर, पोटाखाली पांढराशुभ्र, डोक्यावर पिळाची शिंगं असा नर सगळ्यांच्या मागे उभा राहून तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही उभे आहात त्या बांधापासून तो किती लांब आहे? कोणी दोनशे पावलं म्हणेल, कोणी साडेतीनशे. सपाट रानात, मध्ये झाड नाही की झुडूप नाही, डोळ्यांना अंतराचा अंदाजच येत नाही. लांबून हरीण मारायला कोणती रायफल लागते, हा प्रश्न या अंदाजापाशी सुरू होतो.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. आपण बोलताना सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण काळवीट आणि चिंकारा ही कुरंगाची जात आहे. त्यांची शिंगं आतून पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. त्यांची शिंगं भरीव हाडाची असतात, गळतात आणि पुन्हा उगवतात. फांद्या फुटलेलं शिंग चितळाचं किंवा सांबराचं, पिळाचं शिंग काळविटाचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गंगापूर-वैजापूरच्या माळावर जे दिसतं ते काळवीट. नर खांद्यापाशी साधारण ८० सेंटीमीटर उंच आणि वजनाने ३५ ते ४० किलोच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या बोकडाएवढा. सांबराचा नर याच्या पाच-सहा पट भारी भरतो. बंदुकीचा विचार करताना हा फरक फार मोठा आहे.

आता बोअर. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचा व्यास. रायफलच्या बाबतीत तो इंचाच्या अंशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. .३१५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५, साधारण ८ मिलिमीटर. .३०३ म्हणजे ७.७ मिलिमीटर. .२७५ म्हणजे ७ मिलिमीटर. बारा बोअरची बंदूक मात्र वेगळ्या हिशेबाची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. म्हणून तिथे आकडा वाढला की भोक लहान होतं. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यातून छर्रे सुटतात आणि तिचा उपयोग तीस-चाळीस मीटरपर्यंतच. रायफलच्या नळीत आतून पेच पाडलेले असतात. गोळी त्या पेचांतून स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी तोल सांभाळून लांब जाते.

बोअर मोठी म्हणजे बंदूक चांगली, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. काळविटासाठी तो चुकीचा आहे, आणि का ते सांगायला थोडं गणित करावं लागेल.

बंदुकीची गोळी सरळ रेषेत जाते असं वाटतं, पण ती जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या दगडाइतक्याच वेगाने. फरक एवढाच की पडता पडता ती पुढेही धावत असते. समजा गोळी सेकंदाला ६०० मीटर वेगाने निघाली. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला तर १०० मीटरवर ती साधारण १४ सेंटीमीटर खाली येते, २०० मीटरवर ५४ सेंटीमीटर आणि ३०० मीटरवर सव्वा मीटर. अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट होते. ८५० मीटर वेगाची गोळी ३०० मीटरवर साधारण ६१ सेंटीमीटरच खाली येते. हवा गोळीला सतत अडवत असते, त्यामुळे प्रत्यक्षात हे सगळे आकडे वाढतात.

घसरण किती हे माहीत असेल तर नेम तेवढा वर धरता येतो. त्यात मोठी अडचण नाही. अडचण आहे अंतराच्या अंदाजाची. काळवीट ३०० मीटरवर आहे आणि तुम्हाला ते २५० वर वाटलं, तर ६०० मीटर वेगाची गोळी नेमापेक्षा किमान २० सेंटीमीटर खाली लागेल. ८५० वेगाची किमान १० सेंटीमीटर खाली. काळविटाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती नाश्त्याच्या डिशएवढी, साधारण १५ सेंटीमीटर रुंद. डिशच्या मधोमध नेम धरला तर खाली साडेसात सेंटीमीटरचीच मुभा उरते. म्हणजे हळू गोळी पाय मोडेल किंवा जमिनीत जाईल, आणि वेगवान गोळीसुद्धा मर्मावर लागणार नाही. सपाट रानात ५० मीटरची चूक कोणाची होत नाही?

त्यात वारा. मराठवाड्याच्या माळावर दुपारी तो असतोच. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा चांगल्या वेगवान गोळीलाही ३०० मीटरवर जवळजवळ वीतभर सरकवतो, हळू गोळीला त्याहून जास्त. शिवाय वेळ. हळू गोळीला ३०० मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो. तेवढ्यात चरणारं काळवीट एक पाऊल पुढे टाकतं आणि छातीवर धरलेला नेम पोटात जातो. ते पळत असेल तर बोलायलाच नको. ताशी ८० किलोमीटरच्या घरात पोचणारं हे जनावर अर्ध्या सेकंदात ११ मीटर पुढे गेलेलं असतं.

गोळीच्या ताकदीचं काय? .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, साधारण ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. २४४ ग्रेन म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम. सेकंदाला ६०० मीटर वेगाने तिची ऊर्जा साधारण २,८०० ज्यूल भरते. सात मिलिमीटरची गोळी नऊ ग्रॅमचीच, पण ८०० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा साधारण तेवढीच येते. कारण वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. चाळीस किलोच्या जनावराला ही ऊर्जा भरपूर झाली. म्हणून लांब अंतर आणि हलकं जनावर असेल तर साडेसहा ते सात मिलिमीटरची हलकी, वेगवान गोळी योग्य, हे कागदावरचं उत्तर. जगभर ते मान्य आहे. अमेरिकेत हरणासाठी १९२५ सालची .२७० आणि १९५५ सालची .२४३ अजून चालतात, २००७ साली आलेली ६.५ क्रीडमूरही त्याच विचारातून आली. आपल्याकडे जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी प्रसिद्ध आहे. ती मूळच्या सात मिलिमीटर माउझरचीच इंग्रजी नावाने विकली गेलेली आवृत्ती.

गोळीच्या टोकाबद्दलही सांगायला हवं. पूर्ण तांब्याच्या आवरणातली लष्करी गोळी जनावराच्या आरपार निघून जाते, लहान भोक पाडते, आणि जनावर त्या भोकासह मैलभर पळतं. शिकारी वापरतात ती मऊ टोकाची, आत शिरल्यावर फुलणारी गोळी. अशा गोळ्यांना जगभर ‘दमदम’ म्हणतात, कारण १८९० च्या दशकात त्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तयार झाल्या. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात त्यांना बंदी घातली. शिकारीत मात्र त्याच वापरायच्या, कारण तिथे जनावर लवकर मरणं हीच दया मानली जाते.

गंगापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. औरंगाबादला आणि जालन्याला छावण्या होत्या, आणि छावणीतल्या साहेबांना सुट्टीच्या दिवशी काळवीट हाताशी. ‘मॅमल्स ऑफ इंडिया’ लिहिणारे थॉमस जर्डन जालन्याला लष्करी डॉक्टर होते. त्या परिसरात आपण पाहिलेल्या काळविटांच्या प्रचंड कळपांची नोंद त्यांनी केली आहे. हैदराबाद कंटिंजेंटमध्ये नोकरी केलेले ब्रिगेडियर जनरल आर. जी. बर्टन यांनी १९२८ साली दख्खनमधल्या शिकारीवर आणि वन्यजीवांवर आख्खं पुस्तकच लिहिलं. त्या काळातल्या शिकारवर्णनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि मला ती सगळ्या बोअरांहून महत्त्वाची वाटते. ती म्हणजे बैलगाडी.

काळवीट माणसाला तीनशे पावलांवरून ओळखून पळतं, पण बैलगाडीला पळत नाही. रोज शेतात येणारी-जाणारी गाडी त्याच्या ओळखीची असते. म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने चालायचा. गाडीवान बैल सरळ कळपावर न नेता तिरका, वळसे घेत, वाटेला लागल्यासारखा हाकायचा. प्रत्येक वळशाला अंतर थोडं कमी व्हायचं. शंभर मीटरवर आलं की शिकारी गाडीच्या मागे थांबायचा आणि गाडी मात्र तशीच पुढे जायची, कारण गाडी थांबली की कळप सावध. (लासूरच्या रस्त्यावर गाडी हळू करा म्हटलं ते याचसाठी.) आपल्याकडचे गायपारधी तर याच्या कितीतरी आधीपासून शिकवलेल्या गाईच्या आडून हरणापर्यंत जात, आणि फासेपारधी फासे लावत. त्यांना बोअरची गरजच नव्हती. कोल्हापूर संस्थानात काळविटावर शिकवलेले चित्ते सोडत, आणि चित्त्यालाही आधी गाडीतून कळपाच्या जवळ न्यावं लागे. ताशी शंभर किलोमीटरच्या घरात पळणारा चित्तासुद्धा लांबून धावायला तयार नव्हता.

दख्खनच्या माळावर पारधी, चित्ता आणि साहेब या तिघांचंही कौशल्य अंतर तोडण्यात होतं. लांबून मारणं हे जवळ जाता न येण्यावरचं उत्तर आहे, आणि माझ्या मते ते दुय्यम उत्तर आहे. वर केलेलं गणित ज्याला समजलं, त्याला शंभर मीटरच्या आत येणं हाच सर्वांत मोठा गुण वाटेल. तिथे कोणतीही बरी रायफल पुरते.

आता भारतात परवान्यावर मिळणारी रायफल कुठली? .३१५ चं एक काडतूस हातात घेऊन बघा. पितळी कवच, तळाशी बाहेर आलेली कड, गोळी जाड आणि बोथट टोकाची. तळ उलटा करून बघितला तर बहुधा ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात, म्हणजे किरकी फॅक्टरी, पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ साली सुरू झालेला. गोळीची जात मात्र मूळची ऑस्ट्रियाची, ८ मिलिमीटर मॅनलिखर, एकोणिसाव्या शतकातली. ती इथे कशी आली? इंग्रजांना लष्कराची .३०३ काडतुसं हिंदी माणसाच्या हाती पडू द्यायची नव्हती. १९०७ साली .४५० बोअरच्या रायफलींनाही त्यांनी त्याच भीतीने हिंदुस्थानात बंदी केली, चोरलेल्या जुन्या मार्टिनी बंदुकांना त्या बोअरची काडतुसं उपयोगी पडतील म्हणून. मग लष्कराकडे नसलेली बोअर शोधून ती खासगी रायफलींना दिली. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या कारखान्यांनी हीच .३१५ लोकांसाठी बनवली, ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर. .३०३ अजूनही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

म्हणजे आपल्या देशातली सर्वांत सामान्य रायफल काळवीट किंवा अंतर बघून निवडलेली नाही. ती बंडाच्या भीतीतून निवडली गेली. जड गोळी, कमी वेग, मोठी घसरण. वर ६०० मीटर वेगाचं जे उदाहरण घेतलं ते हिचंच. जवळून रानडुक्कर थांबवायला ती बरी, ३०० मीटरवरच्या काळविटाला अगदीच अयोग्य.

युरोपातल्या कायद्यांनी बोअरचा प्रश्न शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. जर्मनीत लाल हरणासाठी किमान साडेसहा मिलिमीटरची गोळी आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल ऊर्जा लागते. लहान रो हरणाला १,००० ज्यूल चालतात. इंग्लंडमध्ये बहुतेक जातींच्या हरणांवर .२४० हून लहान बोअरची रायफल चालवणं गुन्हा आहे. हे आकडे जनावराच्या बाजूने लिहिलेले आहेत, कमी ताकदीच्या गोळीने ते जखमी होऊन कुठेतरी झुडपात दिवसभर तडफडत मरू नये म्हणून. बोअरची निवड ही मुळात या जखमी जनावराची जबाबदारी आहे. बंदुकीच्या दुकानात उभं राहून कुठली रायफल भारी म्हणणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं.

आणि चुकलेल्या गोळीचं काय? डोंगराळ मुलखात मागे टेकडी असते, गोळी तिच्यात रुतते. गंगापूरच्या रानात मागे काही नाही. रायफलची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. तेवढ्या अंतरात शेतवस्त्या आहेत, विहिरीवर मोटार चालू करायला गेलेला माणूस आहे, कपाशी वेचणाऱ्या बाया आहेत, शाळेला निघालेली पोरं आहेत. ज्या पल्ल्यावर काळवीट मारायचं म्हणतात त्याच्या दहा पट पल्ल्यावर माणसं राहतात. कुठल्याही बोअरची गोळी इथे सुरक्षित नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने होते, तेव्हाही गाडीतून शिकार करायला मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती कलमंच काढून टाकली. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार म्हणजे तीन ते सात वर्षांची कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. ते पिकात शिरलं म्हणून मारायची परवानगी मिळत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा ते बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तसा लेखी आदेश देऊ शकतात. पिकांच्या नासाडीसाठी परवानगीची तरतूद आहे ती रोही आणि रानडुकरासारख्या प्राण्यांसाठी.

शस्त्र कायद्यातलं एक कलम या संदर्भात वाचण्यासारखं आहे. १९५९ च्या कायद्यात पीकरक्षणासाठी म्हणून जी बंदूक नमूद केली आहे ती ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायची. एकदा उडाली की पुन्हा ठासायला वेळ लागतो. आवाज मोठा, पल्ला लहान. कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या हाती जनावर हाकलायचं साधन दिलं. लांब पल्ल्याची रायफल त्यांच्या मनातही नव्हती.

तरीही शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. तूर आणि हरभरा कोवळा असताना तीस-चाळीस काळविटांचा कळप रात्रभर एका शेतात राहिला, तर सकाळी शेंडे शिल्लक राहत नाहीत. पेरणीचं, औषधाचं, मजुरीचं कर्ज तसंच राहतं. गोफण, बुजगावणं, बांधाला बांधलेल्या जुन्या साड्या, थंडीत रात्रभर राखण, सगळं करून माणूस थकतो आणि मग त्याच्या मनात बंदूक येते. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. माळ होता तोवर काळवीट गवत खात होतं. माळ नांगरले गेले, गायरानं गेली, वाळूजला कारखाने आले, समृद्धी महामार्गाच्या भिंतींनी रान दुभागलं, आणि मग कळप शेतात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्रफळ २.१७ चौरस किलोमीटर. बाकीची काळविटं आपल्या शेताच्या भरवशावर जगतात, आणि म्हणून त्यांच्या चाऱ्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसावा हे न्यायाचं नाही.

तो खर्च मागायचा रस्ता आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्य सरकार देतं, आणि सरकारी निर्णयातल्या प्राण्यांच्या यादीत ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असे शब्द आहेत. यातलं कुरंग म्हणजे आपलं काळवीट. अर्ज करताना हाच शब्द दाखवा. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालाकडे लेखी तक्रार द्या, सातबारा जोडा, खाल्लेल्या पिकाचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो त्याच सकाळी काढून ठेवा, आणि पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्यात नांगर घालू नका.